पुण्यात डॅफोडिल: फ्रीज कुणाला लागतो, कुणाला नाही

नवरात्र संपत आलं की बागकामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डॅफोडिलचे फोटो फिरायला लागतात, हॉलंडच्या शेतातले, पिवळेधमक, नजर जाईल तिथपर्यंत, मग कोणीतरी ऑनलाइन लिंक टाकतं आणि चौघीजणी मिळून कंद मागवतात. कंद येतात, कुंडीत जातात, पानं पण मस्त येतात, हिरवीगार, वीतभर. फूल नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, फूल नाहीच. मग सुरू, माती काळी होती का, पाणी जास्त झालं का, शेणखत कमी पडलं का, विकणाऱ्याने भलतंच काहीतरी पाठवलं का. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं हो. कंद चांगला असतो, फूलसुद्धा त्याच्या पोटात तयार होऊनच आलेलं असतं, फक्त ते बाहेर यायला जी थंडी लागते ती पुण्यात पडत नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्याच डॅफोडिलना ती लागतही नाही. कुठल्याला लागते आणि कुठल्याला नाही एवढं कळलं ना की अर्धं काम झालं, खत-पाणी-कुंडी हे सगळं त्यानंतरचं.

फूल पोटात तयार असतं म्हणजे अगदी खरोखर असतं. एखाद्या कंदावर पाणी सोडायची तयारी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेला एक जाडजूड कंद धारदार सुरीने वरून खाली उभा चिरून बघा, हातात ग्लोव्हज घालून, कारण त्याच्या चिकाने बऱ्याच जणांना खाज सुटते. खाली कडक चकतीसारखं बूड दिसतं, मुळ्या तिथूनच फुटतात. त्याच्यावर एकावर एक पांढरे जाड पापुद्रे, हे साठवणीचे, आणि मधोमध फिकट पिवळसर कोंब. तो कोंब टाचणीने हळूच उलगडत गेलात की आत काही मिलिमीटरचं फूल सापडतं, भिंगातून बघितलं तर सहा पाकळ्या आणि त्यांच्या आत सहा पुंकेसर वेगवेगळे दिसतात. हे फूल तुमच्या मातीत तयार झालेलं नाही. ते आदल्या मोसमात, जुनं फूल सुकून पानं पिवळी पडायच्या सुमारास आणि त्यानंतर, कंद वरून अगदी निपचित पडल्यासारखा दिसत होता ना, तेव्हा आतल्या आत तयार झालं. म्हणजे पहिल्या वर्षीच्या फुलाचं श्रेय जातं त्या हॉलंडच्या शेतकऱ्याला, आणि ते आलं नाही तर दोष तुमच्या खताचा नसतो.

आता यात दोन वेगळे टप्पे आहेत आणि सगळा घोळ हे दोन एकच समजल्याने होतो. पहिला टप्पा फूल घडण्याचा, त्याला ऊब लागते. मोठ्या तुतारीवाल्या, म्हणजे मधे तुतारीसारखा लांब पेला असलेल्या नेहमीच्या डॅफोडिलना साधारण १७ ते २० अंश. दुसरा टप्पा घडलेलं फूल दांड्यावर चढून वर येण्याचा, आणि त्याच्या आधी त्यांना सलग १२ ते १६ आठवडे साधारण ९ अंशांच्या खालची थंडी हवी. त्या थंडीत कंदातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, दांडा लांबवणारी हार्मोन्स कामाला लागतात, मुळ्या पसरतात. थंडी कमी पडली तर पानं येतात पण दांडा बुटका राहतो, किंवा कळी पानांच्या बेचक्यातच कागदासारखी सुकून जाते. ती तपकिरी कळी चिमटीत दाबून बघा, आत पोकळ लागते.

यावर कोणीतरी म्हणतंच, अहो पण पुण्यात थंडी पडते की, पाषाणला परवा ९ होतं. पडते ना, पण पहाटे. पुणेकर सकाळी आठला स्वेटर घालतो आणि दुपारी दोनला पंखा लावतो, डिसेंबरातसुद्धा दुपारचा पारा २८-३० ला जातोच, आणि गच्चीवर उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती तर त्याहून तापते. कंदाला पहाटेचे तीन-चार तास पुरत नाहीत, त्याला आठवडेच्या आठवडे गार राहायचं असतं.

बाजारातली डॅफोडिल बहुतेक हायब्रिड, म्हणजे संकर करून काढलेली, आता त्याकडे वळू, कारण कुणाला थंडी लागते याचं उत्तर तिथेच आहे. डॅफोडिल म्हणजे नार्सिसस वंशातली झाडं, त्यांचं मूळ घर स्पेन, पोर्तुगाल आणि समोरचा मोरोक्को. रानटी जाती पन्नाशीच्या आसपास, मोजणारा कोण यावर आकडा बदलतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी यांचे एकमेकांशी संकर करायला सुरुवात केली आणि मग थांबलेच नाहीत, आज लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत ३० हजारांच्या वर नावं आहेत. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर लावायचा, बोंड धरलं की काळं बी काढून पेरायचं, आणि मग त्या बियाचं पहिलं फूल बघायला चार-पाच वर्षं थांबायचं, कधी त्याहून जास्त. हजारो रोपांतून एखादं आवडलं की त्याला नाव द्यायचं आणि पुढे बी नाही, फक्त कंदाची पिल्लं वाढवत राहायची. म्हणून १८९९ साली इंग्लंडमध्ये गाजलेला किंग आल्फ्रेड घ्या, त्याचा आजचा अस्सल कंद म्हणजे त्या पहिल्याच झाडाचा तुकडा आहे. अस्सल म्हटलं कारण किंग आल्फ्रेड या नावाखाली बाजारात मिळतं ते बऱ्याचदा डच मास्टर नाहीतर दुसरंच काहीतरी पिवळं असतं. टेट-आ-टेट नावाचा तो चिमुकला, कुंडीत सगळ्यात जास्त दिसणारा, तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले संकर करणारे अॅलेक ग्रे यांच्याकडचा, आणि जंबली आणि क्विन्स ही त्याची भावंडं, तिघं एकाच बोंडातल्या बियांतून आलेली.

एवढ्या हजारो डॅफोडिलचे १३ गट केलेत. सगळे पाठ करायची गरज नाही, पण पाकिटावर '१ वाय-वाय' किंवा '२ डब्ल्यू-पी' असं काही दिसलं तर घाबरू नका, पहिला आकडा गटाचा, मग बाहेरच्या पाकळ्यांचा रंग आणि नंतर मधल्या पेल्याचा रंग. डब्ल्यू म्हणजे पांढरा, वाय पिवळा, पी गुलाबी, ओ केशरी, आर लाल, जी हिरवट. संपली यादी. यात निळा नाही, जांभळा नाही, आणि काळा तर अजिबात नाही, तेव्हा ऑनलाइन निळ्या डॅफोडिलचं 'बियाणं' स्वस्तात दिसलं तर तो फोटो कॉम्प्युटरवर रंगवलेला आहे, पैसे वाचवा. आणि खरं बी पाठवलं तरी तुम्ही पाच वर्षं थांबणार का हाही प्रश्न आहेच.

पहिल्या चार गटांत ते ओळखीचे सगळे आले, मोठी तुतारी, मोठा पेला, छोटा पेला आणि डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचा. या बहुतेकांना थंडी लागते. पाचवा-सहावा नाजूक, मान खाली घातलेले, त्यांनाही लागते. नववा पोएटिकस, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे लाल काठाची छोटी टिकली, दिसायला सगळ्यात देखणा असं माझं मत, पण हा डोंगरातल्या कुरणातला, याला सगळ्यात जास्त थंडी हवी, त्याचा पुण्यात नादच करू नका. आणि आठवा गट टॅझेटा. हा आपला.

टॅझेटाचं घर भूमध्य समुद्राचा किनारा, तिथून इराण, काश्मीर करत चीन-जपानपर्यंत तो पोचलाय. काश्मीर-हिमाचलात ज्याला नर्गिस म्हणतात तो हाच. एका दांड्यावर एकच मोठं फूल नाही तर छोट्या फुलांचा झुपका, आणि वास असा की खोलीत शिरल्या शिरल्या कळतो. किनाऱ्याकडच्या हिवाळ्यात बर्फ पडत नाही, त्यामुळे याच्या कंदाला लांबलचक थंडीची वाट बघायची सवयच नाही. त्याचं फूल घडतं ते २५ ते ३० अंशांच्या उबेत, आणि घडलं की पाणी मिळताच वर यायला मोकळं. म्हणजे पुण्याचा एप्रिल-मे, जो तुतारीवाल्यांचं आत घडणारं फूल बिघडवतो, तोच घरातल्या सावलीत टॅझेटाचं फूल घडवायच्या कामाला येतो! ऊब आणि थंडीचा हा सगळा हिशोब कळला की मग दुकानात काय घ्यायचं हे आपोआप कळतं.

घ्यायचं काय तर पहिलं पेपरव्हाइट, टॅझेटाच्याच जवळची. तांत्रिकदृष्ट्या ही रानटी जात, हायब्रिड नाही, पण बाजारात येते ती झिवासारखी इस्रायलमध्ये निवडून वाढवलेली वाणं, आणि आपल्याकडे सहज मिळण्याची शक्यता हिचीच. मग ग्रँड सोलेल डोर, पिवळ्या पाकळ्या आणि केशरी पेला, पांढऱ्याचा कंटाळा आलेल्यांसाठी. अॅव्हलांच, अर्लिचिअर (हा डबल, म्हणून यादीत चौथ्या गटात सापडेल, पण रक्त टॅझेटाचं) हे मिळाले तर लॉटरीच. एक सावधगिरी, जिरेनियम नावाचं सुंदर हायब्रिड आठव्या गटातच दाखवतात, पण त्याच्या आईबापात एक टॅझेटा आणि एक पोएटिकस आहे, आणि पोएटिकसच्या बाजूने आलेली थंडीची मागणी त्यात शिल्लक राहते. टेट-आ-टेटचंही तसंच, टॅझेटाचा थोडा अंश आहे पण फ्रीज लागतोच. म्हणजे गटाच्या आकड्यावर थांबू नका, खानदान बघा. लग्न जमवताना बघतो तेवढं तरी.

उष्णतेचा आणि टॅझेटाचा एक मजेदार किस्सा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला आयल्स ऑफ सिली म्हणून बेटं आहेत, तिथे सोलेल डोरची शेती होते, फुलं हिवाळ्यात लंडनला जातात. तिथले शेतकरी उन्हाळ्यात कंद जमिनीत असतानाच वरून पेंढा पसरून पेटवून द्यायचे, कारण जाळलेल्या शेतात फुलं लवकर आणि जास्त येतात असं त्यांच्या लक्षात आलं होतं. नंतर कळलं की नुसती आच नाही, धुरातला इथिलीन वायू काम करतोय. मग प्लास्टिक अंथरून त्याखाली धूर सोडायची पद्धत आली. सोसायटीच्या गच्चीवर हे करू नका, सेक्रेटरी येईल. पण इथिलीन हे नाव लक्षात ठेवा, पुढे फ्रीजमध्ये तेच उलटं वागणार आहे.

पुण्यात डॅफोडिलचा खरा वैरी उन्हाळा नाही, पाऊस आहे. भूमध्य समुद्राकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत, कंद ओल्या हिवाळ्यात वाढतो आणि कोरड्या उन्हाळ्यात झोपतो. आपलं बरोब्बर उलटं, हिवाळा कोरडा आणि कंदाच्या झोपेच्या वेळी जून ते सप्टेंबर चिंब ओली, उबदार माती. त्या मातीत फ्युजेरियम नावाची बुरशी बुडातून आत शिरते आणि कंद आतून चॉकलेटी होत जातो, वरून काहीच दिसत नाही. नुसत्या उष्णतेने कंद मरत नाही याचा पुरावा हवा तर हा घ्या, कंदातले सूत्रकृमी मारायला सुप्त कंद ४४ अंशांच्या पाण्यात तीन तास बुडवून ठेवतात, शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रॅम्सबॉटम नावाच्या तरुण संशोधकाने गरम पाण्याचा हा उपाय बसवला आणि आजही व्यावसायिक शेतीत तो वापरतात. तीन तास चालतात, पण चार महिने कोमट चिखलात बसणं कुठल्याच डॅफोडिलला झेपत नाही. पावसाच्या तालावर फुलणारे याचे भाऊबंद आपल्याकडे आहेतच की, रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू येतो ती मे फ्लॉवर, अॅमरिलिस, सगळे एकाच कुटुंबातले, ते जमिनीत सुखाने राहतात. डॅफोडिल मात्र पावसाआधी बाहेर काढायचाच.

लावायचं कसं

टॅझेटा लावायला घाई नको. परतीचा पाऊस जाऊ दे, ऑक्टोबर हीट जाऊ दे, दिवाळीच्या आगेमागे, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा. कंद घेताना घेर विचारा, पेपरव्हाइटचा १५ ते १७ सेंटिमीटर घेराचा कंद भरपूर फुलं देतो, छोटा स्वस्त कंद नुसती पानं दाखवून जातो, इथे काटकसर करून काही मिळत नाही. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे, बूड अंगठ्याने दाबून बघा, कडक हवं, मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर परत द्या.

माती पुण्याची काळी असेल तर ती तशीच वापरू नका, पाणी धरून बसते. नर्सरीतला पोयटा, कोकोपीट आणि जाड वाळू किंवा परलाइट, असं समसमान धरा, मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि थोडं बोनमील. अर्धवट कुजलेलं खत म्हणजे बुरशीला आमंत्रण. ट्रायकोडर्मा पावडर (कूज आणणाऱ्या बुरशीला रोखणारी चांगली बुरशी) घरात असेल तर चमचाभर मिसळा. दहा इंची कुंडीत पाच-सहा कंद, एकमेकांना चिकटू न देता, आणि कुंडीत लावताना कंदाचं टोक मातीच्या जरा वर दिसलं तरी चालतं, खाली मुळ्यांना जागा मिळणं जास्त महत्त्वाचं. जमिनीत लावणार असाल तर मात्र कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, तुतारीवाले तर साधारण १५ सेंटिमीटर, आणि वाफा उंच करून. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग कोंब दिसेपर्यंत वरची माती सुकली तरच. कोंब आले की पाणी नियमित करा, कळीच्या दिवसांत माती कोरडी पडू देऊ नका.

जागा पूर्वेची बाल्कनी, सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत, दुपारी सावली. पश्चिमेची बाल्कनी असेल तर ग्रीन नेट लावा. पेपरव्हाइट लावल्यापासून साधारण सहा-आठ आठवड्यांत फुलते, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावली तर डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत, आणि त्यानंतर पानांना हवे असतात ते सहा-सात आठवडे फेब्रुवारीअखेर संपतात, पुण्यात उकाडा सुरू व्हायच्या आत. या झाडाचं वेळापत्रक आपल्या हिवाळ्यात असं बसतं, म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी टॅझेटाच.

माती नकोच असेल तर पेपरव्हाइट काचेच्या बोलमध्ये गोट्यांवर बसवून, पाणी फक्त बुडाला टेकेल एवढं ठेवूनही फुलते. यात कटकट एकच, दांडे लांबतात आणि फुलं आली की आडवे होतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात यावर काम झालं आणि निघालं काय तर पाण्यात ४-५ टक्के अल्कोहोल घातलं की दांडा तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने बुटका राहतो आणि फुलं तेवढीच येतात. मुळ्या धरून कोंब दोनेक इंच झाला की आधीचं पाणी ओतून द्यायचं आणि एक भाग जिन किंवा व्होडकाला सात भाग पाणी असं घालायचं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल वापरणार असाल तर एकाला दहा-अकरा भाग पाणी. बिअर-वाइन नको, त्यातली साखर मुळ्या कुजवते. घरात यावरून जी काही चर्चा होईल ती तुमची तुम्ही निस्तरा. आणि पाण्यावर फुलवलेला कंद नंतर टाकूनच द्या, त्याच्यात काही उरलेलं नसतं. वासाबद्दल पण सांगून ठेवते, पेपरव्हाइटचा वास काहींना स्वर्गीय वाटतो आणि काहींचं डोकं धरतं, तेव्हा बेडरूममध्ये ठेवायच्या आधी विचार करा.

तुतारीवालाच हवा असेल तर

हवाच असतो काही जणांना, समजू शकते, फोटोतलं डॅफोडिल म्हणजे तेच. मग फ्रीज. बारा ते पंधरा आठवडे, ४ ते ८ अंश, म्हणजे खालचा भाजीचा ड्रॉवर, फ्रीझरखालचा चिलर ट्रे नाही, तिथे गोठतो. कागदी पिशवीत किंवा जाळीत ठेवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून बुरशी येते. आणि इथे तो इथिलीन परत येतो. पिकणारं फळ हा वायू सोडतं, आणि कंदात आता फूल घडून बसलेलं असतं, त्या कोवळ्या कळीला तो मारक ठरू शकतो. सफरचंद, केळं, पेरू, आणि नेमकं त्याच दिवसांत पुरंदरचं सीताफळ घरोघरी आलेलं असतं. तेव्हा एक तर फळं बाहेर किंवा कंद दुसऱ्या फ्रीजमध्ये. दसऱ्याचं श्रीखंड आणि दिवाळीच्या पाहुण्यांच्या दिवसांत फ्रीजचा ड्रॉवर तीन महिने अडवून ठेवणं किती जणांना जमेल हे ज्याचं त्याने बघावं.

तारखांचा हिशोब करा, इथेच बहुतेक गाडी चुकते. सप्टेंबरच्या मध्याला फ्रीजमध्ये गेलेला कंद डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर येतो, जानेवारीच्या शेवटी फुलतो, हवा बरी असते, छान. पण ऑनलाइन कंद बऱ्याचदा ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात हातात पडतात. नोव्हेंबरात फ्रीजमध्ये ठेवले तर फेब्रुवारीच्या मध्याला बाहेर, कळ्या मार्चमध्ये, आणि तेव्हा पुण्यात पारा ३५ च्या पुढे. कळी उघडायच्या आधीच भाजते. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारायचं, कंद प्री-कूल्ड आहेत का, किती आठवडे थंडी दिलीय. उत्तर 'हो मॅडम सगळं आहे' एवढंच आलं तर समजून जा. आठवड्यांचा आकडा सांगणारा विक्रेता धरून ठेवा.

जागा असेल तर शेवटचे पाच-सहा आठवडे कंद ओलसर कोकोपीटच्या छोट्या कुंडीत बसवून कुंडीसकट फ्रीजमध्ये ठेवा, मुळ्या आतच धरतात आणि बाहेर आल्यावर झाड अडखळत नाही. बाहेर काढल्यावर एकदम उन्हात नको, आठ-दहा दिवस सावलीत, घरातल्या गार कोपऱ्यात, मातीवर वाळलेल्या पानांचा थर, मग सकाळचं ऊन. आणि यांच्याकडून दुसऱ्या वर्षीच्या फुलाची अपेक्षा ठेवू नका. फूल घडायला १७-२० अंश लागतात हे वर आलंच आहे, पुण्याच्या मे महिन्यात तेवढं फक्त एसी लावलेल्या खोलीत मिळेल. एका मोसमाचे पाहुणे म्हणून आणा, जसे जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फ्लॉवर शोमधून मोसमी फुलांच्या कुंड्या आणतो तसे.

फूल गेल्यावर

टॅझेटाचं पुढचं वर्ष फूल गेल्यावर ठरतं. सुकलेली फुलं चिमटीने खुडा, बी धरू देऊ नका, पण हिरवा दांडा आणि पानं अजिबात कापायची नाहीत. पानं लोळतात, वेडीवाकडी दिसतात, काहीजण त्यांची वेणी घालतात किंवा रबरबँड लावून जुडी बांधतात, ते करू नका, उन्हाला लागणारं पान कमी होतं आणि कंद बारीक राहतो. या काळात खत द्यायचं ते पोटॅशचं, नर्सरीत ०-०-५० म्हणून मिळतं ते लिटरला दोन-तीन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) घालायचा मोह आवरा, जादा नत्राने पानं माजतात आणि कंद पिचपिचीत होऊन लवकर कुजतो. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढा, तो कंदापर्यंत उतरला की साठवणीत सगळ्यांना लागतो.

पानं अर्ध्याहून जास्त पिवळी पडली की पाणी बंद. दोन आठवडे कुंडी कोरडी ठेवा, मग एप्रिलपर्यंत कंद काढून घ्या. धुवायचे नाहीत. माती झटकून चार-पाच दिवस सावलीत पसरा, सुकलेली पानं सहज निघतील तेवढीच काढा, बाजूची पिल्लं आपणहून सुटली तर सुटू द्या, ओढून तोडलीत तर बुडाला जखम होते. मग मंडईतून कांदे आणतो ती जाळीची पिशवी, तिच्यात भरून हवा खेळेल अशा ठिकाणी टांगा. मंचर-नारायणगावकडे कांदा चाळीत ठेवतात त्यामागचा विचार हाच, खालून-वरून वारा आणि अंगाला ओल नाही. डब्यात, फ्रीजमध्ये, पलंगाखालच्या पेटीत नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा एकेक कंद दाबून बघा, मऊ निघाला की लगेच बाहेर. जुलैत सलग आठवडाभर झड लागली तर तासभर पंखा सोडा.

एवढं करूनही सगळे कंद परत फुलतील असं नाही. आपला फेब्रुवारी लवकर तापला तर पानांना वेळ कमी मिळतो, कंद फुटून त्याची तीन-चार पिल्लं होतात, आणि पिल्लांना फुलायच्या घेराला यायला दोन-तीन मोसम लागतात. ती टाकू नका, वेगळ्या कुंडीत वाढवा, पण जानेवारीत फुलं हवीच असतील तर दरवर्षी थोडे नवे मोठे कंद घेत राहणं हाच व्यवहारी मार्ग.

आणि ही जाळी टांगताना एक गोष्ट प्लीज सोडू नका. कंद दिसायला हुबेहूब कांद्यासारखा आणि सगळा विषारी, लायकोरीन नावाचं द्रव्य असतं त्यात, थोडासा खाल्ला तरी उलट्या सुरू होतात, शिजवल्याने ते जात नाही. चुकून भाजीत गेल्याच्या घटना परदेशात झालेल्या आहेत. आपल्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात, फ्रीज त्याच उघडतात, बाल्कनीतल्या जाळीतून कांदा काढायची सवय असते, तेव्हा पिशवीवर मार्करने मराठीत मोठं 'विषारी, खायचा नाही' लिहा, नुसतं डॅफोडिल लिहून उपयोग नाही, आणि स्वयंपाकघराच्या बाजूला टांगूच नका. कुत्रा-मांजर असेल तर फुलदाणीतलं पाणीसुद्धा त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. गंमत अशी की याच कंदाच्या कुळातून गॅलँटामिन मिळतं, अल्झायमरच्या पेशंटना देतात ते औषध, आणि वेल्समध्ये त्यासाठी डॅफोडिलची शेतीच करतात. विषाचा आणि औषधाचा संबंध आपल्याला काही नवा नाही.

फुलं कापून घरात ठेवणार असाल तर कळीचा रंग दिसायला लागला आणि ती जरा वाकली की कापा, पूर्ण उमलायची वाट बघू नका. कापलेल्या दांड्यातून बुळबुळीत चीक गळतो, त्याच पाण्यात गुलाब ठेवलात तर गुलाब माना टाकतात. म्हणून आधी रात्रभर डॅफोडिल एकटेच वेगळ्या ग्लासात, सकाळी ते पाणी सिंकमध्ये ओता, दांड्यांची टोकं परत कापू नका कारण कापलीत की चीक पुन्हा सुरू, आणि मग बाकीच्या फुलांत मिसळा.